सांगलीत शिह त्झू पाळताय?

शिह त्झू कुत्रं घ्यायचं ठरवलं असेल, तर आधी उन्हाळ्याचा विचार करा. तिबेटकडची मूळ असलेली, चीनच्या राजवाड्यात लाडावलेली ही जात. नाक चपटं, त्यामुळे धापा टाकून अंग थंड करणं तिला नीट जमत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कृष्णेकाठी फिरवायचं ते सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. गळ्यात पट्टा नको, छातीला बसणारा हार्नेस घ्या.

केसांचं काम मात्र रोजचं. गळतात कमी, पण वाढतच राहतात आणि कानामागे, काखेत गुंता होतो. वरवर ब्रश फिरवून तो कळतच नाही. केस बाजूला सारून मुळापासून कंगवा चालवा. मला विचाराल तर लांब केसांची हौस फोटोपुरती ठीक. इंचभर ठेवून कापून घ्या, पार गोटा नको.

डोळे मोठे, पुढे आलेले. एक डोळा मिचकावत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि बेदाणे! तासगावचा बेदाणा आपल्या घरात कुठल्याही वाटीत सापडतो. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर ते सांगता येत नाही. एखादा जरी खाल्ला तरी उलटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. प्रेमाने शिरा भरवणाऱ्या शेजारच्या काकूंनाही आधीच सांगून ठेवा, त्या ऐकणार नाहीत तो भाग वेगळा.

दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका, आणि त्याची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.