वहीचं पान फाडू नकोस

प्रश्न : मी दहावीत आहे. भूमितीच्या वहीत जरा खाडाखोड झाली की पान फाडून पुन्हा लिहिते, त्यातच रात्र सरते. तरी सराव चाचणीत 40 पैकी 26च पडले; मैत्रिणीला 38. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : बाळ, आधी ते पान फाडणं थांबव. कुठे अडलीस ते त्याच पानावर असतं आणि तेच तू केरात टाकतेस. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मार, खाली बरोबर लिही, शेजारी कारण : ‘संगत बाजू उलट घेतल्या.’ समरूप त्रिकोणांत बरीच मुलं इथेच घसरतात.

बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात. आकृती, पक्ष, साध्य आणि जमतील तेवढी विधानं कारणांसह लिही. पूर्ण येत नाही म्हणून प्रश्नच सोडणारी हुशार मुलं मी वर्गात फार पाहिली, जीव तुटतो.

मैत्रिणीचे 38 बाजूला ठेव. तुझाच मागचा पेपर काढ. तेव्हा अर्धवट राहिलेली पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता आता पूर्ण जमते का? जमत असेल, तर ‘वर्तुळ’ घे. रोज दोनच उदाहरणं, पण पुस्तक मिटून. आणि दहाला झोप.