वाचक विचारतात : लायसन्स आजोबांचं, रेडिओ सरकारचा, गाणी सिलोनची

प्रश्न : नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा माळा रिकामा करताना आजोबांच्या रेडिओचं लायसन्स सापडलं, पोस्टाचे शिक्के मारलेलं छोटंसं पुस्तक. घरात रेडिओ ठेवायला लायसन्स कशाला हो? बाबा म्हणतात आकाशवाणीने देश जोडला, तर आजी म्हणते आमच्याकडे कायम सिलोनच लागायचं. खरं कोणाचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी ते पुस्तक रद्दीत जाऊ देऊ नका! १९३३ च्या वायरलेस कायद्याने बिनपरवाना सेट घरात ठेवणं हाच गुन्हा ठरला, म्हणून पोस्टात जाऊन फी भरायची नि शिक्का मारून घ्यायचा, हे सगळं १९८५ मध्ये बंद झालं. लायसन्स ब्रिटनमध्येही होतंच, पण तिथे त्या पैशावर बीबीसी चालायची, आणि बीबीसी १९२७ पासून चार्टरवर, म्हणजे राजाच्या सनदेवर चालणारी वेगळी संस्था. आपल्याकडे त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत एका खाजगी कंपनीने स्टेशन सुरू केलं, ती तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार ताब्यात घेतला आणि १९३६ ला त्याचं ऑल इंडिया रेडिओ, म्हणजे आपली आकाशवाणी, झालं. म्हणजे ऑल इंडिया रेडिओ हे पहिल्यापासून सरकारी खातं. १९४२ ला उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत लपूनछपून काँग्रेस रेडिओ चालवला तो याच रेडिओच्या विरोधात, जागा बदलत बदलत, नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत. पण स्वातंत्र्य आल्यावर आपल्या सरकारलाही हे खातं आयतं मिळालं, मग सोडतंय कोण?

आता आजीचं सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेचं रेडिओ स्टेशन. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, आपले पुण्याचेच, शास्त्रीय संगीताचे भक्त. देश घडवायचा तर लोकांचा कान घडवला पाहिजे असं त्यांचं मत, त्यामुळे सिनेमाची गाणी कमी केली, सिनेमाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात म्हणून तेही बंद, निर्माते भडकले, गाणी देईनात, आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केलं, काटा फिरवला! रेडिओ सिलोनकडे युद्धाच्या काळातला दणदणीत शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता, तिथे त्याच वर्षी अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. गंमत बघा, कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला, आणि तिथून बुधवारी रात्री अख्ख्या भारताच्या घरात. म्हणून माझं मत आजीच्या बाजूने. सगळा देश एकाच वेळी एकच गोष्ट ऐकतोय हे दिल्लीला जमवायचं होतं, ते करून दाखवलं परदेशी स्टेशनने. सरकारनेही शेवटी हार मानली, ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, आणि १९६७ ला तिच्यावर जाहिरातीसुद्धा आल्या, त्याही आधी मुंबई, पुणे, नागपूरलाच.

बाबांचंही अगदीच चूक नाही म्हणा. १९५६ ला पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी जिल्ह्यांतल्या दीडशेएक गावांत शेतकऱ्यांचे गट बसवले, आधी कार्यक्रम ऐकायचा मग त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला पाठवायच्या, म्हणजे रेडिओ नुसता बोलत नव्हता, ऐकतही होता, आणि हे मला त्या सगळ्या खात्यातलं सर्वात भारी काम वाटतं. मुंबई केंद्राची कामगार सभा, आपली आवड हेही आपल्या लोकांचंच. पण त्याच रेडिओवर मराठी राष्ट्रीय बातम्या कितीतरी वर्षं दिल्लीत बसून वाचल्या जायच्या! भाषा आपली, माईक दिल्लीचा.

प्रश्न : आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती स्वायत्त आहे ना, मग ती सरकारीच का वाटते?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : कायदा १९९० चा, अंमलात आला सप्टेंबर १९९७ ला, संस्था उभी राहिली २३ नोव्हेंबरला, यातच काय ते समजा. मधे १९९५ ला सुप्रीम कोर्टाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या केसमध्ये सांगून टाकलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता. पण प्रसार भारतीचा मोठा खर्च अजून सरकारी अनुदानातूनच भागतो. आणि पाम बीच रोडने जाताना गाडीत खाजगी एफएम लावलात तर गाणी मिळतील, ट्रॅफिक मिळेल, पण त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा.