वायू घटला म्हणजे धोका टळला, असे नव्हे

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

ज्वालामुखी निरीक्षणाच्या कामावर रुजू होत असल्याचे तुझे पत्र वाचून मनापासून आनंद झाला. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसाचा खडक, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला आहे. त्याचा अभ्यास सवडीने करता येतो. उद्रेक चालू असलेल्या डोंगरापाशी मात्र तासागणिक निर्णय द्यावा लागतो.

तिथे एखादा आकडा खाली आला, तर तो का आला हे कळेपर्यंत कोणालाही दिलासा देऊ नकोस. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीतून १३ मे रोजी दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता; २८ मेपर्यंत तो ५,००० टनांवर गेला आणि पुढच्या आठवडाभरात ३०० टनांच्या आसपास उतरला. डोंगर निवतो आहे, असे कोणालाही वाटले असते. परंतु तिथल्या शास्त्रज्ञांनी ही घट भूकंपांच्या वाढत्या नोंदींशेजारी ठेवून पाहिली आणि वायूच्या वाटा बुजून आत दाब साठत असावा, असा अर्थ लावला. १५ जूनच्या महास्फोटापूर्वी हजारो माणसे सुरक्षित स्थळी हलवता आली, त्यामागे अशा वाचनाचा मोठा वाटा होता.

कोलंबियातील गालेरास ज्वालामुखीही जानेवारी १९९३ मध्ये शांत भासत होता. भूकंपलेखावर मोजक्याच लहरी उमटत होत्या, पण त्या एकदम उसळून सावकाश विरणाऱ्या, स्क्रूसारख्या निमुळत्या होत्या. १४ जानेवारीच्या स्फोटात नऊ जण गेले. त्यांत सहा शास्त्रज्ञ होते. म्हणून दिवसभरातील भूकंपांची संख्या मोजून थांबू नकोस, लहरींचा आकार स्वतःच्या डोळ्यांनी तपास. वर्णपटमापकाने, म्हणजे प्रकाशावरून वायू ओळखणाऱ्या यंत्राने, वायू दुरून मोजता येत असेल, तर नमुन्यासाठी विवरात उतरू नये, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक. मुखाजवळची यंत्रे नेमकी ऐन स्फोटात निकामी होतात. पिनातुबोचीही बहुतेक भूकंपमापक केंद्रे त्या दिवशी बंद पडली. त्यामुळे काही केंद्रे दूर अंतरावरही असू देत. सौरपट्ट्यांवर राख साचून वीज तुटली आणि भूकंपलेख कोरा आला, तर नोंदवहीत ‘हालचाल नाही’ असे लिहू नकोस. ‘नोंद नाही’ असे वेळेसह लिही, आणि रात्रपाळीच्या सहकाऱ्याला ते तोंडीही सांग.

तुझे सर