वाळूजच्या कंपनीत कामाला आहे, साहेबांनी बीपीएमएन, म्हणजे कामाचा क्रम आकृतीत मांडायची ठरलेली चिन्हं, शिकायला सांगितलंय. सुरुवात कुठून करू?

आधी चारच खुणा पक्क्या करा. बारीक रेघेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेघेचं म्हणजे शेवट, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, शंकरपाळ्यासारखा आकार म्हणजे फाटा. फाट्यात फुली असेल तर एकच वाट, अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकदम. बाकी चिन्हं ढीगभर आहेत, लागतील तशी बघा.

मग ओळखीचा व्यवहार काढा. लातूरच्या आडतीवरचं सोयाबीन घ्या: आवक, सौदा, काटा, पट्टी. शेतकरी एका पूलमध्ये (एका पक्षाची मोठी चौकट), आडत दुसऱ्यात. मुनीम आणि हमाल आडतीच्याच वेगवेगळ्या लेनमध्ये (चौकटीतले एकेकाचे कप्पे). नवखे इथंच अडकतात: सलग बाण पूलची हद्द ओलांडत नाही, पलीकडं जातो तो फक्त तुटक रेघेचा निरोप.

२०११ची २.० आवृत्तीच शिका. बीपीएमएन डॉट आयओवर फुकट काढता येतं.