३१ डिसेंबरची मुदत आधी मागे घ्या

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. न्यू जर्सीतच जन्मला आणि वाढला. डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटातल्या) कॉलेजकडून चार वर्षं बास्केटबॉल खेळला. शेवटच्या वर्षी सामन्याला सरासरी १७ पॉइंट होते. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री आहे, जीपीए ३.६. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) नाव आलं नाही. ऑक्टोबरमध्ये एनबीएच्या एका संघाने 'एक्झिबिट टेन' करार (सराव शिबिरापुरता, पक्की जागा न देणारा) केला, काही दिवसांत सोडलं, आणि आता तो त्यांच्याच जी लीग (एनबीएच्या खालची लीग) संघात आहे. सामन्याला जेमतेम ११ मिनिटं मिळतात, कधी तीही नाहीत. वर्गमित्र त्याच्या दुप्पट कमावतात. पॉइंट काढले तर वरच्या संघात बढती मिळेल, म्हणून मी प्रत्येक सामन्यानंतर फोन करून काय चुकतंय ते सांगतो. हल्ली तो फोन उचलत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत जम बसला नाही तर खेळ सोडून जीआरई द्यायची, असं मी त्याला बजावलं आहे. एमएससाठी कोणती शाखा घ्यावी? आणि तो भारताकडून खेळू शकेल का?
– एक वडील, एडिसन

उत्तर : नमस्कार. तुम्ही विचारलंत एमएसच्या शाखेबद्दल, पण मी अडकलो ते 'हल्ली तो फोन उचलत नाही' या वाक्यापाशी. त्याबद्दलच आधी बोलू.

सामना रात्री साडेनऊच्या सुमारास संपतो. मग गुडघ्यांना बर्फ, जेवण, आणि बरेचदा पहाटे चारला उठून विमानतळ. एनबीएचे संघ खास विमानाने फिरतात, जी लीगचे बहुतेक वेळा साध्या प्रवासी विमानाने. साडेसहा फुटांचा मुलगा मधल्या सीटवर गुडघे दुमडून बसतो आणि उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी खेळतो. त्याच्या चुका कोच त्याला व्हिडिओवर थांबवून थांबवून दाखवतात, आणि ते दाखवणं गरजेचं असतं. अशात रात्री दहाला तुमचा फोन येतो, 'आज चारच पॉइंट?' तुम्ही हे काळजीपोटी विचारता याबद्दल मला शंका नाही. पण ज्याला दिवसभर मोजलं जातंय, त्याला घरूनही मोजमापच ऐकू आलं तर तो फोन उचलायचा बंद होणारच. त्यात उद्धटपणा नाही. झोप लागावी म्हणून तो तसं करतोय.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज. रणजीत धावांचा डोंगर रचला की निवड समितीला दखल घ्यावी लागते, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. जी लीगमध्ये ते चालत नाही. एकतर हा 'वरच्या संघाचा दुसरा संघ' असला, तरी साध्या जी लीग करारावरचा खेळाडू त्या एनबीए संघाच्या मालकीचा नसतो. ३० पैकी कुठलाही संघ त्याला उचलू शकतो, आणि पालक संघ त्याला कधीच न बोलावण्याचीही तितकीच शक्यता असते. दुसरं असं की वर पॉइंट काढायला माणसं आहेतच. तिथे हवा असतो तो आठवा-नववा खेळाडू, जो दहा मिनिटांत समोरच्याला थोपवून धरेल, चेंडू हातात न घेता योग्य जागी उभा राहील आणि आलेला मोकळा शॉट टाकेल. अ‍ॅलेक्स करुसो २०१६ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. ओक्लाहोमा सिटी ब्लू आणि साउथ बे लेकर्स या जी लीग संघांतून तो वर आला तो डिफेन्सच्या जोरावर, आणि पुढे दोन वेगवेगळ्या संघांकडून एनबीएचं विजेतेपद जिंकला. तेव्हा 'पॉइंट वाढव' हा तुमचा सल्ला ऐकून तुमच्या मुलाने घाईघाईने शॉट टाकायला सुरुवात केली, तर त्याची आहेत ती ११ मिनिटंही जातील.

मिनिटं कमी का, याचंही कारण बहुधा त्याच्या खेळात नाही. प्रत्येक एनबीए संघाकडे तीन टू-वे करार असतात, म्हणजे तो खेळाडू एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळतो. शिवाय मुख्य संघातले नवखे खेळाडू सरावासाठी खाली पाठवले जातात. त्यांना किती वेळ खेळवायचं हे बरेचदा वरून ठरून येतं. मंगळवारी २० मिनिटं खेळलेला मुलगा गुरुवारी वरून दोघं आले म्हणून बाकावर बसतो. कॉलेजात चार वर्षं ज्याच्याभोवती संघ फिरत होता त्याला हे पचायला महिने लागतात, आणि आत्ता तो नेमका तेच करतोय.

खेळही बदलला आहे. कॉलेजात शॉट क्लॉक (शॉट टाकायची मुदत) ३० सेकंदांचा, इथे २४ चा. चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे न्यायला आठ सेकंद. म्हणजे डाव मांडायला हातात उरतात पंधरा-सोळा. तीन पॉइंटची रेषा कॉलेजात ६.७५ मीटरवर होती, इथे समोरून ती ७.२४ वर आहे. अर्ध्या मीटरचाच फरक, पण दमलेल्या पायांनी टाकलेला शॉट नेमका तेवढाच कमी पडतो आणि रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. कोपऱ्यात मात्र रेषा जवळ येते, ६.७१ मीटर. म्हणून नवीन मुलांना कोच आधी कोपऱ्यात उभं करतात. तिथे रेषा आणि मैदानाची कड यांच्यामध्ये जेमतेम तीन फुटांची पट्टी असते. मोठ्या मापाचे दोन बूट त्यात मावतात, पण पास घेताना टाच दोन इंच मागे सरकली की चेंडू प्रतिस्पर्ध्याला. त्यामुळे पाय आधी रोवायचे, गुडघे आधीच वाकवायचे, हात पास येण्यापूर्वी तयार ठेवायचे, हे रोज दोन-अडीचशे शॉट टाकून अंगात मुरवावं लागतं. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीत) यातलं काहीच दिसत नाही.

आता मुदतीकडे येतो. तिच्या बाबतीत तुम्ही सरळसरळ चुकला आहात. एक्झिबिट टेन करारात बहुधा बोनसची रक्कम लिहिलेली असते आणि ती मिळण्यासाठी संलग्न जी लीग संघात ६० दिवस काढावे लागतात. ते ६० दिवस साधारण वर्ष संपता संपता भरतात. नक्की तारीख एजंटकडून लेखी मागवा. त्याआधी एका दिवसाने जरी तो बाहेर पडला, तरी त्या रकमेवर पाणी सोडावं लागेल. डिसेंबरच्या उत्तरार्धात विंटर शोकेस असतं. सगळे संघ एका जागी येतात आणि एनबीएच्या झाडून सगळ्या संघांची माणसं बघायला बसतात. त्यानंतर जय-पराजयाची पाटी कोरी होते आणि नियमित हंगाम सुरू होतो. ५ जानेवारीपासून एनबीए संघांना दहा दिवसांचे करार करता येतात. १० जानेवारीला उरलेले करार पूर्ण हंगामासाठी पक्के होतात, म्हणून त्याच्या आधल्या दिवसांत संघ काही खेळाडूंना सोडतात आणि जागा रिकाम्या होतात. वर कुणी गेलं की खाली जागा होते, आणि काहीजण परदेशी क्लबकडेही जातात. ११ मिनिटांचा मुलगा २५ मिनिटांवर जाण्याची खरी शक्यता जानेवारी-फेब्रुवारीत असते. तुम्ही दार नेमकं त्याच्या आदल्या रात्री लावताय.

ही मुदत मागे घ्या. फोनवर नको, आणि अटींसह तर मुळीच नको. 'मी चुकीची तारीख धरली होती, ती सोडून दे' एवढा निरोप पुरे.

एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर तिघंही बसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची मिनिटं आणि जबाबदारी वाढली का? शेवटच्या बैठकीत कोचने नेमकं काय सांगितलं? एजंटच्या हातात लेखी काय आहे? 'बोलणी चालू आहेत' याला उत्तर म्हणत नाहीत. माझं स्पष्ट मत असं : दोन पूर्ण हंगाम खेळूनही ना टू-वे, ना परदेशातला चांगला करार, अशी वेळ आली तर मीही त्याला थांब म्हणेन. पण ते दोन हंगाम त्याला निर्धास्तपणे खेळू द्यायला हवेत.

पैशांबद्दल. जी लीगचा पगार हंगामाला साधारण ४० ते ४५ हजार डॉलर, तोही पाचेक महिन्यांचा. राहायची जागा आणि आरोग्यविमा संघाकडून. टू-वे मिळाला तर रक्कम दहापटीहून जास्त होते. खड्डा पडतो तो उन्हाळ्यात : भाडं, जिम, ट्रेनर सगळं स्वतःच्या खिशातून. तेव्हा आत्ताच दर पगारातून ठरावीक रक्कम बाजूला काढायला लावा. ज्या ज्या राज्यात सामना, त्यातल्या बहुतेक ठिकाणी त्या दिवसांच्या कमाईवर कर लागतो, म्हणून खेळाडूंची कामं करणारा सीपीए (हिशेब आणि कर बघणारा) गाठा. नेहमीचा चालणार नाही.

परदेशी क्लबचा विचार झालाच तर दोन गोष्टी बघा. हंगामाच्या मध्यात जायचं असेल तर जी लीग करारातून सुटण्यासाठी किती रक्कम भरावी लागते, ती कोण भरणार? आणि करारात बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्यूनलचं (खेळाडू-क्लब वाद सोडवणाऱ्या लवादाचं) कलम आहे का? युरोपात पगाराचा आकडा बहुधा कर वजा जाता सांगतात, वर घर आणि कधी गाडी देतात, पण पगार थकवणारे क्लबही आहेत. ते कलम नसेल तर परक्या देशातल्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तिथली तीन पॉइंटची रेषा ६.७५ चीच आहे, त्याला सवयीची.

जीआरईचा निकाल पाच वर्षं चालतो. जूनमध्ये त्याला वाटलं तर देईल. एमएसची शाखा आत्ता मी सांगणार नाही, कारण तो प्रश्न त्याने विचारलेला नाही. ३.६ जीपीएची डिग्री दोन वर्षांत शिळी होत नाही. आंद्रे इन्ग्रॅम फिजिक्सचा पदवीधर. दहा हंगाम याच लीगमध्ये खेळला, जोडीला गणिताच्या शिकवण्या घेतल्या, आणि १० एप्रिल २०१८ ला वयाच्या ३२ व्या वर्षी लेकर्सकडून पहिल्याच एनबीए सामन्यात १९ पॉइंट काढले. दहा वर्षं थांबा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण डिग्री आणि खेळ एकमेकांच्या मुळावर येत नाहीत, एवढं त्यावरून दिसतं.

भारताकडून खेळण्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो, ओसीआय कार्ड चालत नाही. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, म्हणजे अमेरिकी पासपोर्ट सोडावा लागेल. हा विषय बंद करा.

त्याचा संघ लाँग आयलंडला किंवा विल्मिंग्टनला खेळायला येणार असेल तर वेळापत्रक बघून तिकिटं काढा. दोन्ही ठिकाणं एडिसनहून गाडीने जाण्यासारखी आहेत. तो मैदानात असेल तेव्हा चेंडूकडे बघू नका, त्याच्या पायांकडे बघा : कोपऱ्यात तो वेळेवर पोचतो का, समोरचा निसटला की कोण आधी धावतं. आईंनाही न्या, आणि डबा न्या. सामन्यानंतर फार तर अर्धा तास मिळेल. त्यात त्याला जेवू द्या.