केस लिहिताना शेवट झाकून ठेव

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. उद्योजकतेचा विषय शिकवायला तुझ्याकडे आला, पुस्तकातल्या केसेस, म्हणजे वर्गात चर्चेला घ्यायचे धंद्यातले खरे पेच, सगळ्या अमेरिकेतल्या आणि तिसऱ्या बाकापासून मागं सगळे पेंगतात, असं तू लिहिलंस. आता गावातल्या उद्योजकांना बोलवावं म्हणतेस. जरा थांब. मी तेच करून तीन वर्षं वाया घालवली आहेत.

एकदा एका मोठ्या कारखानदारांना वर्गात आणलं. शाल, श्रीफळ, कोल्हापुरी फेटा, सगळं झालं. तासभर त्यांनी शून्यातून कारखाना कसा उभा केला ते सांगितलं. बोलले छान, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं, काय शिकलात? सगळ्यांचं एकच उत्तर, 'जिद्द'. आता फळ्यावर जिद्द लिहून पुढं काय शिकवायचं, तूच सांग.

सत्कारात गोष्ट शेवटाकडून सुरू होते. माणूस जिंकलाय हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळं त्यानं घेतलेला प्रत्येक निर्णय शहाणपणाचा वाटायला लागतो. केस मालकाला निर्णयाच्या आदल्या रात्रीच सोडून देते. पुढचं त्यालाही ठाऊक नसतं आणि मुलांनाही.

हार्वर्डच्या बिझनेस स्कूलची पहिली लिखित केस 1921 सालची, आणि ती चपला-बुटांच्या कारखान्यावरच होती बरं का! जेमतेम एक पान. कामगार सुट्टीच्या वेळेआधीच काम थांबवतात, मालकानं काय करावं? एवढंच. उत्तर नव्हतं. आपल्याकडं ही पद्धत रुजवली ती 1961 साली निघालेल्या अहमदाबादच्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेनं, हार्वर्डच्याच मदतीनं. आता चाळीस पानी केसेस निघतात, पण तू त्या एका पानाचं माप धर.

किर्लोस्करांचा नांगर घे. लक्ष्मणरावांनी 1903 च्या सुमाराला बेळगावात लोखंडी नांगर केला आणि लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. आपण ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगतो आणि लगेच 1910 च्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यावर उडी मारतो. मधलं सगळं गळून जातं. तू तिथंच थांब. दुकानात नांगर पडून आहेत, गिऱ्हाईक फिरकत नाही. आणखी नांगर ओतायचे, किंमत पाडायची, की उधारीवर एखाद्या शेतकऱ्याच्या रानात उभा करायचा? पोरं भांडायला लागतील. भांडू देत.

माझी सगळ्यात चाललेली केस मात्र इथल्या, कोल्हापूरच्या सुभाषनगरातली. एक चप्पल कारागीर, वडिलोपार्जित धंदा. चार दिवस त्याच्याकडं नुसता बसून होतो. रापीनं म्हशीच्या कातड्याचा तळ कापत तो बोलायचा, घरातल्या बायका चपलेची चामड्याची वेणी विणत त्याचे आकडे दुरुस्त करायच्या. (हिशोब त्यांनाच जास्त पाठ, हे ध्यानात ठेव.) तो पेच मी असा मांडला: आषाढ चालू आहे. पुण्याचा दुकानदार दिवाळीसाठी 200 जोड मागतोय, जोडीला 650 रुपये, पैसे माल पोचल्यावर 60 दिवसांनी. जोडीला खर्च 500. हातात 38 हजार.

वर्गानं पटापट गुणाकार केला. नफा 30 हजार, ऑर्डर घ्या! एकानं लाखभर घालायला लागतात हे दाखवल्यावर दुसरा म्हणाला, बँकेतून काढा. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, तोवर वर्षभर तोंड न उघडलेली, म्हणाली, "सर, पावसात कातडं वाळणार कधी?" तिची मावशी वेण्या विणायची. सगळा वर्ग मागं वळला. मग ओलसर तळ, बुरशी, माल परत आला तर काय, आणि दिवाळीत स्वतःच्या दुकानासाठी जोड उरणार का, सगळं निघालं. मी दीड तास खडूसुद्धा उचलला नाही. गप्प बसायला फार जड जातं, आधीच सांगून ठेवतो.

कारागीर मागच्या बाकावर बसला होता. सगळ्यांचा निर्णय झाल्यावरच त्याला उभं केलं. तो म्हणाला, मी 80 जोडच कबूल केले, निम्मे पैसे आधी घेऊन. पुढच्या वर्षी पुण्याचं गिऱ्हाईक आलंच नाही. "मग बरोबर केलंत की चूक?" एकानं विचारलं. "अजून कळंना बघा," म्हणाला.

अशा केसेस कोल्हापुरात पायलीला पन्नास आहेत. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा तयार कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, घेऊन अडकलेल्या फाउंड्रीवाल्यानं गिऱ्हाइकाला काय कळवावं? गुळाच्या अडत्यानं गुऱ्हाळवाल्याला आणखी उचल द्यावी का? प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं 2025 च्या जूनमध्ये मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, त्यावर सगळे नुसते चिडले. वर्गात मात्र विचार, की 2019 सालचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन नावाला संरक्षण देतं, आणि तेही महाराष्ट्रातल्या चार व कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. मग नावच न घेता कुणी घाट उचलला, तर कारागिरानं नेमकं करायचं काय?

एक गोष्ट कधी चुकवू नको. लिहिलेलं पान आधी मालकाला वाचून दाखव आणि त्याच्या परवानगीशिवाय वर्गात नेऊ नको. नाव बदल. आकडे बदलायचे तर सगळे एकाच पटीत बदल, नाहीतर नफ्याचं गणितच मोडतं. मी एकदा परवानगी न घेता एकाची उधारी वर्गात मांडली. ती संध्याकाळपर्यंत गुजरीत, सराफ बाजारात पोचली. त्या माणसानं पुढं कधी मला चहा विचारला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

रविवारी सकाळी नऊला ये, सुभाषनगरात जाऊ. प्रश्न लिहून आणू नकोस, वही तेवढी आण. आणि साडी-ड्रेस जुना घाल. भिजवलेल्या कातड्याच्या पाण्याचे डाग निघत नाहीत.

तुझा,
सर