भूकंपाची 'तीव्रता' म्हणजे नेमकी कुठली?

कळमनुरीकडच्या एका ताईंनी विचारलंय की २१ मार्च २०२४ ला सकाळी धक्का बसला तेव्हा बातम्यांत तीव्रता ४.५ सांगितली, पण आमच्याकडं फळीवरचे डबे खाली आले आणि परभणीच्या बहिणीला नुसतं गरगरल्यासारखं झालं, मग दोन्हीकडं तीव्रता ४.५ च कशी?

ताई, तुमचं बरोबर आहे, चूक त्या शब्दात आहे. ४.५ ही तीव्रता नाहीच, ती भूकंपाची महत्ता. आपल्याकडं दोन्हीला सर्रास तीव्रताच म्हणायलेत म्हणून हा घोळ होतो.

विहिरीवर सुरुंग उडवतात ते आठवा. भोकात किती दारू ठासली ते एकदाच ठरतं, ती झाली महत्ता. पण विहिरीच्या काठावरच्या घराचे पत्रे थडथडतात, पलीकडच्या वस्तीवर उलिसा दणका जाणवतो आणि गावात कुणाला पत्ताही नसतो, ही झाली तीव्रता, म्हणजे जागा बदलली की ती बदलणार. भूकंप किती खोल झाला, खाली खडक आहे का भुसभुशीत माती, घर कशाचं बांधलंय यावरही ती असते. म्हणून तीव्रता एक ते बारा अशा पायऱ्यांत मोजतात आणि महत्तेशी गल्लत नको म्हणून बहुतेकदा रोमन आकड्यांत लिहितात.

महत्तेचं माप चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियात मांडलं. त्यात एक अंक वाढला की जमिनीची हालचाल दहापट आणि ऊर्जा साधारण बत्तीसपट होते. त्या हिशेबानं ६.२ चा किल्लारीचा भूकंप तुमच्या ४.५ पेक्षा साडेतीनशे पट ऊर्जेचा भरतो, नुसते आकडे बघून हे ध्यानात येत नाही.

आता किल्लारीचंच बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून गाढ झोपलेले. ६.२ ही काही जगातली फार मोठी महत्ता नाही, पण भूकंप फार खोल नव्हता आणि घरं होती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद, तेच अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर भागात तीव्रता आठ किंवा त्याच्या वर धरतात, लातूर शहरात त्याहून कमी, आणि महत्ता मात्र सगळ्यांना मिळून एकच.

शब्द म्हणून 'तीव्र' हे अंगाला जाणवणाऱ्या गोष्टीला लागतं, तीव्र कळ, तीव्र ऊन, त्यामुळं जाणवलेल्या हादऱ्याला 'तीव्रता' हाच शब्द शोभतो. 'महत्ता' कानाला जरा खटकतो हे खरंय, कारण बोलताना आपण तो मोठेपणासाठी वापरतो. काहीजण 'परिमाण' म्हणतात, पण त्या शब्दाला आधीच दुसरे अर्थ चिकटलेत, म्हणून मला महत्ताच बरा वाटतो.

तेव्हा ताई, तुम्ही कुणाला सांगताना '४.५ महत्तेचा भूकंप झाला, आमच्याकडं तीव्रता जास्त होती, परभणीला कमी' असं म्हणा, त्यात तुमचे डबेही बसतात आणि बहिणीची गरगरही.